लग्नाच्या बायोडाटात रक्ताचा रिपोर्ट का हवा? सिकलसेलच्या तपासण्या समजून घेऊ या

आपल्याकडे वधू-वर परिचय मेळावे भरतात. तिथला फॉर्म आपण सर्वांनी पाहिला आहे. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, घर स्वतःचे की भाड्याचे, मामांचे गाव. बऱ्याच फॉर्मवर रक्तगटाचाही रकाना असतो आणि लोक तिथे ‘ओ पॉझिटिव्ह’, ‘बी पॉझिटिव्ह’ असे लिहितात. पण विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांच्या दृष्टीने रक्तगटापेक्षा कितीतरी महत्त्वाची असलेली एक गोष्ट त्या फॉर्मवर सहसा नसते. ती म्हणजे सिकलसेलची तपासणी.

काही काळापूर्वी विदर्भातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने आम्हाला एक रिपोर्ट दाखवला. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. सोयरीक ठरली होती, तारीखही काढली होती. तिच्या कॉलेजच्या दिवसांतल्या एका शिबिरात झालेल्या तपासणीचा कागद मुलाकडच्यांच्या हाती लागला. त्यावर एवढेच लिहिले होते : ‘सोल्युबिलिटी टेस्ट : पॉझिटिव्ह’. “मुलीला सिकलसेल आहे” म्हणून त्यांनी लग्न मोडले. पुढे मुलीची सविस्तर तपासणी झाली. ती रुग्ण नव्हती, फक्त वाहक होती. तिला कधीही कसलाच त्रास झालेला नव्हता.

या सगळ्यात एका माणसाची तपासणी झालीच नाही. तो म्हणजे मुलगा. त्याचे रक्त सामान्य निघाले असते, तर या जोडप्याच्या मुलांना सिकलसेलचा आजार होण्याचा प्रश्नच नव्हता. आणि तो स्वतः वाहक असेल, तर तो उद्या तपासणी न केलेल्या दुसऱ्या मुलीशी लग्न करील आणि ज्या भीतीने हे लग्न मोडले तीच गोष्ट कदाचित त्याच्या घरात घडेल. एक कागद नीट न वाचल्यामुळे एका मुलीवर शिक्का बसला आणि खरा धोका जिथल्या तिथेच राहिला.

म्हणून आजच्या लेखात आम्ही रक्ताच्या साध्या सीबीसीपासून एचपीएलसीपर्यंतचे रिपोर्ट कसे वाचायचे ते सांगणार आहोत. हे डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्याला नेमके काय विचारायचे ते कळावे, एवढाच हेतू आहे.

हा आजार कुठून आला?

सिकलसेल हा काही कुणाच्या पापाचा, करणीचा किंवा मागच्या जन्मीच्या कर्माचा भोग नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्मावर या जन्मीच्या दुःखाचे खापर फोडणारी कल्पना नाकारली आहे. तरीही आजारी लेकराच्या आईला “काहीतरी केलं असेल” असे ऐकवणारे लोक आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी हे शास्त्रीय उत्तर.

रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते. ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. हे हिमोग्लोबिन बनवण्याच्या सूचनेत एका जागी बदल झाला की ‘एस’ प्रकारचे हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन पेशीच्या आत गोठून ताठ होते आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे असह्य वेदना होतात. शिवाय त्या लवकर फुटतात. सामान्य तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांत संपते. म्हणून रक्त कायम कमी राहते.

हा बदल माणसांत टिकून का राहिला, याचे उत्तर हिवतापात आहे. ज्याच्यात हा बदल एकाच पालकाकडून आला आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. त्यामुळे जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, त्या आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी आणि भारतातल्या जंगलपट्ट्यांत वाहकांची संख्या जास्त आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल प्रथम आढळला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले.

महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ, अमरावती या विदर्भातल्या जिल्ह्यांत आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागात हा आजार विशेष दिसतो. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या जमातींबरोबरच पूर्वाश्रमीचा महार म्हणजे आजचा बौद्ध समाज आणि काही इतर मागासवर्गीय जाती यांच्यातही वाहक लक्षणीय प्रमाणात आहेत. म्हणून हा ‘फक्त आदिवासींचा आजार’ आहे असे समजून आपण निर्धास्त राहणे चूक आहे.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ लक्षण म्हणून जातीअंतर्गत विवाहाकडे बोट दाखवले होते. जातीच्या आत, पोटजातीच्या आत, त्यातही मामा-आत्याच्या नात्यात लग्ने होत राहिली की तोच बदल त्याच समूहात फिरत राहतो आणि दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. आंतरजातीय लग्नाने हा बदल नाहीसा होत नाही, पण दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता कमी होते. तरीही तपासणीला पर्याय नाही, कारण दुसऱ्या जातीतही वाहक असू शकतो.

पहिला कागद : सीबीसी

ताप आला, अशक्तपणा वाटला की डॉक्टर सर्वांत आधी सीबीसी लिहून देतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये थोडे रक्त घेतात. उपाशी असण्याची गरज नसते. रिपोर्टवर वीसेक ओळी असतात. त्यांतल्या पुढील ओळी ओळखता आल्या तरी पुरे.

हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार प्रौढ पुरुषात ते १३, स्त्रीमध्ये १२ आणि गरोदर स्त्रीमध्ये ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. सिकलसेल रुग्णात ते बहुधा ६ ते ९ च्या आसपास असते. वाहकाचे हिमोग्लोबिन मात्र सहसा सामान्य असते. म्हणजेच हिमोग्लोबिन १३ आहे म्हणून आपण वाहक नाही, असे म्हणता येत नाही. ही चूक फार जण करतात.

एमसीव्ही. हे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० सामान्य. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात आणि हा आकडा ८० च्या खाली येतो. थॅलेसेमियाच्या वाहकातही तो खाली येतो. सिकलसेल रुग्णात तो बहुधा सामान्य असतो, आणि हायड्रॉक्सियुरिया ही गोळी सुरू असेल तर वाढलेला दिसतो.

आरडीडब्ल्यू. पेशी एकसारख्या आहेत की लहानमोठ्या, ते हा आकडा सांगतो. लोह कमी असेल तर तो वाढतो. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान असूनही तो बऱ्याचदा फारसा वाढत नाही. यावरून डॉक्टरांना पुढची दिशा मिळते, पण नक्की निदान होत नाही.

पांढऱ्या पेशी. साधारण ४,००० ते ११,०००. संसर्गात वाढतात. सिकलसेल रुग्णात त्या एरवीही थोड्या वाढलेल्या असतात. म्हणून रुग्णाने आपले बरे असतानाचे रिपोर्ट जपून ठेवावेत. आजारपणातला आकडा कशाशी ताडून पाहायचा, ते डॉक्टरांना त्यावरून कळते.

प्लेटलेट. साधारण दीड लाख ते साडेचार लाख. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याचे सीबीसी ठरावीक काळाने करतात, कारण या गोळीने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात.

याच्या जोडीला रेटिक्युलोसाइट काउंट सांगितला जातो. नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशींची ही टक्केवारी. लोह कमी असेल तर शरीराला नव्या पेशी बनवता येत नाहीत, म्हणून ती वाढत नाही. सिकलसेलमध्ये पेशी फुटत असतात आणि त्यांची भरपाई करायला शरीर घाईने नव्या पेशी बनवते, म्हणून ती वाढलेली असते. ‘रक्त कमी आहे’ या एकाच तक्रारीमागची दोन अगदी वेगळी कारणे हा एक आकडा वेगळी करून दाखवतो.

थोडक्यात, सीबीसीवरून संशय घेता येतो. सिकलसेल आहे किंवा नाही, हे सीबीसी सांगत नाही.

दुसरा कागद : सोल्युबिलिटी टेस्ट

शाळा, कॉलेज, आश्रमशाळा, वस्तीतले शिबिर येथे बहुधा हीच तपासणी होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ते एका द्रावणात टाकतात. द्रावणातले सोडियम डायथायोनाइट रक्तातला प्राणवायू काढून घेते. ‘एस’ हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही आणि नळीतले पाणी गढूळ होते. नळीच्या मागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. तपासणी स्वस्त आहे आणि काही मिनिटांत होते, म्हणून शेकडो लोकांच्या शिबिरासाठी ती सोयीची.

पण तिची मर्यादा नीट लक्षात ठेवली पाहिजे. ही तपासणी एवढेच सांगते की रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. ते वाहकातही असते आणि रुग्णातही असते. नळी दोघांचीही गढूळच होते. म्हणून ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ म्हणजे ‘सिकलसेलचा रुग्ण’ नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की पुढची तपासणी करायलाच हवी. काचेच्या पट्टीवर रक्त ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात त्या सिकलिंग टेस्टलाही हीच मर्यादा आहे.

निगेटिव्ह रिपोर्टही काही वेळा फसवतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळे ‘एस’ असूनही नळी स्वच्छ दिसू शकते. नुकतेच रक्त चढवले असेल किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असेल तरी असे होऊ शकते. शिवाय थॅलेसेमियाचा वाहक या तपासणीत सापडतच नाही. त्याचे महत्त्व पुढे सांगतो.

तिसरा कागद : एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस

निर्णय घ्यायचा तो या कागदावर. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात सामान्य आणि सिकल हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकते हे दाखवले आणि सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे हे जगाला सांगितले. इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी त्याच तत्त्वावर चालते. एचपीएलसीमध्ये यंत्र प्रत्येक प्रकारचे हिमोग्लोबिन वेगळे करून त्याची टक्केवारी छापते. रिपोर्टवर आलेखाची उंच-सखल टोके आणि खाली आकडे असतात. त्यातले चार आकडे पाहायचे : ए, एस, एफ आणि ए-टू.

सामान्य व्यक्ती, म्हणजे ‘एए’. बहुतेक सगळे हिमोग्लोबिन ए प्रकारचे. एस मुळीच नाही. ए-टू साडेतीन टक्क्यांच्या आत.

वाहक, म्हणजे ‘एएस’. ए आणि एस दोन्ही असतात, पण ए जास्त असते. एस साधारण ३० ते ४० टक्के. लोहाची कमतरता किंवा अल्फा थॅलेसेमिया असेल तर त्याहूनही कमी दिसते.

रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. एस बहुतांश असते, एफ वाढलेले असते आणि ए जवळपास नसतेच. भारतातल्या अनेक रुग्णांत एफचे प्रमाण चांगले असते. ते जास्त असेल तितका त्रास सहसा कमी होतो. हायड्रॉक्सियुरिया मुख्यतः हेच एफ वाढवून काम करते.

आता थॅलेसेमिया. कुणाचे ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता असते. नवऱ्याकडून एस आणि बायकोकडून बीटा थॅलेसेमिया असे मुलात एकत्र आले तर त्या मुलालाही सिकलसेलचा आजार होतो. म्हणून एक जोडीदार सिकलसेलचा वाहक असेल तर दुसऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली एवढ्यावर थांबू नये. त्याचीही एचपीएलसी करावी.

दोन सावधगिऱ्या. रक्त चढवले असेल तर दात्याचे हिमोग्लोबिन रिपोर्टमध्ये मिसळते, म्हणून शक्यतो रक्त चढवण्याआधी नमुना घ्यावा, नाहीतर सुमारे तीन-चार महिने थांबावे. दुसरे, लोह फार कमी असेल तर ए-टू खोटे कमी दिसू शकते. अशा वेळी लोह भरून काढून पुन्हा तपासणी करायला डॉक्टर सांगतात.

ही तपासणी आयुष्यात एकदा नीट झाली की पुन्हा पुन्हा करावी लागत नाही. आज ‘एए’ असलेला माणूस उद्या ‘एएस’ होत नाही, आणि वाहक पुढे रुग्णही होत नाही. म्हणून हा कागद जन्मदाखल्यासारखा जपून ठेवावा.

दोन चिठ्ठ्यांचा हिशेब

प्रत्येकाकडे हिमोग्लोबिनच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. मूल होताना आई-बाप आपल्या दोनपैकी एकेक चिठ्ठी देतात. कोणती जाईल ते कुणाच्या हातात नसते.

दोघेही सामान्य असतील तर सगळी मुले सामान्य.

एक वाहक आणि एक सामान्य असेल तर प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता ५० टक्के, सामान्य असण्याची ५० टक्के. रुग्ण होण्याची शक्यता नाही.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, सामान्य असण्याची २५ टक्के.

एक रुग्ण आणि एक सामान्य असेल तर सगळी मुले वाहक, पण रुग्ण एकही नाही.

एक रुग्ण आणि एक वाहक असेल तर निम्मी शक्यता रुग्ण असण्याची, निम्मी वाहक असण्याची.

२५ टक्के म्हणजे चारपैकी एकच मूल आजारी होणार आणि ‘पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली’, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने निघतात. सलग दोन मुले आजारी निघालेली घरे आहेत आणि चारही मुले निरोगी असलेलीही आहेत.

हा हिशेब एकदा कळला की सुरुवातीला सांगितलेल्या मुलीवर किती अन्याय झाला ते लक्षात येते. शिवाय आजारी मुलाला एक चिठ्ठी आईने दिलेली असते, तर दुसरी बापाने. “सुनेच्या माहेराहून आजार आला” हे वाक्य शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

फसवे रिपोर्ट, चुकीचे उपचार

कावीळ. सिकलसेल रुग्णाचे डोळे अधूनमधून पिवळे दिसतात. लोक त्याला कावीळ समजून पाला, गळ्यातली माळ, झाडपाल्याचे औषध असे करत बसतात. पेशी फुटल्या की बिलिरुबिन वाढते, त्यामुळे हा पिवळेपणा येतो. रिपोर्टमध्ये ‘इनडायरेक्ट बिलिरुबिन’ वाढलेले दिसते. यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूच्या काविळीत एसजीपीटी हा आकडा खूप वाढतो, इथे तो सहसा तसा वाढत नाही. वारंवार कावीळ होणाऱ्या मुलाची सिकलसेल तपासणी झालीच पाहिजे.

लोहाच्या गोळ्या. रक्त कमी म्हटले की लोहाची गोळी, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. सिकलसेल रुग्णात रक्त कमी असते ते पेशी फुटल्यामुळे. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात उलट लोह साठते. म्हणून डॉक्टर फेरिटिन तपासतात. मात्र रुग्णालाही लोहाची खरी कमतरता असू शकते, त्यामुळे गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि बंदही करू नयेत.

तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी. ही तपासणी तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात हे गृहीत धरते. सिकलसेल रुग्णाच्या पेशी तितक्या जगतच नाहीत, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येऊ शकतो आणि मधुमेह लपून राहतो. अशांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासावी, गरज असेल तर डॉक्टर फ्रुक्टोसामिन सांगतात. वाहकांतही काही यंत्रांवर हा आकडा चुकू शकतो, म्हणून आपण वाहक आहोत हे लॅबला आधी सांगावे.

ईएसआर. सांधे दुखतात म्हणून हा तपासतात. वाकड्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे सिकलसेल रुग्णात संसर्ग असूनही ईएसआर कमी दिसू शकतो. तो सामान्य आला म्हणून ताप अंगावर काढू नये.

तपासणी कधी, कुठे?

लग्न ठरण्याआधी, तेही दोघांची. खरे तर दहावी-बारावीच्या वयातच झाली तर उत्तम, म्हणजे सोयरिकीच्या वेळी घाईगडबड आणि लपवाछपवी होत नाही.

लग्न झाले असेल तर मूल होऊ देण्याआधी. तेही राहून गेले असेल तर गरोदरपण कळताच. दोघेही वाहक निघाले तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. वार तयार होत असताना तिचा बारीक तुकडा घेऊन साधारण १० ते १२ आठवड्यांत, किंवा गर्भजल घेऊन १५ आठवड्यांनंतर. ही सोय मोठ्या रुग्णालयांतच असते, म्हणून पहिल्या तिमाहीतच डॉक्टरांशी बोलावे. पुढचा निर्णय त्या दोघांचा, विशेषतः त्या स्त्रीचा. नातेवाइकांनी दडपण आणू नये.

आई-बाप दोघेही वाहक असतील तर बाळाची जन्मानंतर लगेच तपासणी करावी. सोल्युबिलिटी चालणार नाही, एचपीएलसीसारखी तपासणी लागते. आजार लवकर कळला तर पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस, फोलिक आम्ल वेळेवर सुरू होते आणि लहान वयातला जीवघेणा संसर्ग टळतो.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तिचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे. म्हणून शहरातल्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या दारात कुणी येईलच असे नाही. आपणच आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारले पाहिजे. नोकरीसाठी पुणे-मुंबईला गेलेल्या विदर्भातल्या मुलामुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तिथल्या डॉक्टरांना सांधेदुखी पाहून लगेच सिकलसेल आठवेलच असे नाही. आपले मूळ गाव कोणते ते आपणहून सांगावे.

ज्यांना आजार आहे त्यांच्यासाठी आणखी एक माहिती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. रुग्णाला तपासणीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते. वाहकाला ते लागू नाही, कारण वाहक आजारी नसतो.

आणि रुग्णाला ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पांढरे पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

आपण काय करू शकतो?

आमची मागणी मोठी नाही. वधू-वर मेळाव्याच्या आयोजकांनी फॉर्मवर ‘सिकलसेल तपासणी झाली आहे का?’ एवढा एक रकाना घालावा. निकाल मात्र छापील पुस्तिकेत छापू नये. ती खासगी गोष्ट आहे, दोन कुटुंबे बोलायला बसतील तेव्हा त्यांनी एकमेकांना सांगावी. रकाना मुलीच्या फॉर्मवर तसा मुलाच्याही फॉर्मवर हवा.

विहारात बुद्धपौर्णिमेला, १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रक्तदान शिबिरे होतात. त्याच मांडवात आरोग्य केंद्राच्या मदतीने सिकलसेल तपासणी ठेवता येईल. पण एक अट : पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाची एचपीएलसी होईपर्यंत आयोजकांनी पाठपुरावा करावा आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्यावा. अर्धवट तपासणी करून हातात नुसता ‘पॉझिटिव्ह’चा कागद देणे म्हणजे काय, ते आपण सुरुवातीला पाहिले.

तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केल्याची कथा आपण विहारात ऐकतो. आजच्या काळात त्या शुश्रूषेची सुरुवात समोरचा कागद नीट वाचण्यापासून होते. घरी गेल्यावर एक करा. कपाटातली जुनी फाइल काढा आणि आपल्या मुलामुलींपैकी कुणाच्या रिपोर्टवर ‘एए’, ‘एएस’ किंवा ‘एसएस’ असे स्पष्ट लिहिले आहे ते पाहा. लिहिलेले नसेल, तर तपासणी अजून व्हायची आहे.

जय भीम!